आरोप आठव्या परिच्छेदात का सापडतो?

निफाड तालुक्यातला एक मुलगा नाशिकमध्ये खोली घेऊन यूपीएससीची तयारी करतोय. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: ‘आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी मी चीनची ग्लोबल टाइम्स आणि शिन्हुआ, तसंच रशियाची तास ही वृत्तसंस्था रोज चाळतो. अमेरिकेने किंवा युरोपने चीनच्या, रशियाच्या एखाद्या शेजारी सरकारवर आरोप केला की यांच्याकडे आधी खुलासा येतो आणि आरोप काय होता ते नंतर कळतं. कधी कळतही नाही. हे खोटं लिहितात असं समजायचं का? आणि परीक्षेच्या उत्तरात यांचा आधार घेतला तर चालेल का?’

मी सव्वीस वर्षं मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली, त्यातली बरीचशी परदेशाच्या पानावर. आता तुझ्याच वयाच्या मुलांना बातमी कशी वाचायची ते शिकवते, म्हणून ‘तू’ म्हणूनच लिहिते.

खोटं म्हणशील तर धडधडीत खोटं या पेपरांत तुला वाटतं त्यापेक्षा कमी असतं. गंगापूर रोडने जाताना आनंदवल्ली लागते. राघोबादादा आणि आनंदीबाईंचं जिथे वास्तव्य होतं ती ही आनंदवल्ली. ‘ध’ चा ‘मा’ केल्याची आख्यायिका आपण शाळेपासून ऐकतो, आणि सरकारी पेपर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तेच येतं: कुणीतरी गुपचूप अक्षर बदललं. मुरलेला सरकारी पेपर अक्षर बदलत नाही. पत्र जसंच्या तसं ठेवतो आणि वाचून दाखवताना शेवटची ओळ आधी वाचतो. अक्षर बदललं तर चोरी पकडता येते. क्रम बदलला तर काय पकडणार? म्हणून ‘हे खरं की खोटं’ असं विचारत बसलास तर तुझ्या हाती फार काही लागणार नाही. आरोप कुठे ठेवलाय, कुणाच्या तोंडी दिलाय आणि त्याला नाव काय दिलंय, हे बघायला लाग.

नावाची किंमत मला एका रात्रीत कळली. २६ मार्च २०१० रोजी दक्षिण कोरियाची ‘चेओनान’ ही युद्धनौका बुडाली आणि ४६ नौसैनिक गेले. २० मे रोजी दक्षिण कोरियाच्या पुढाकाराने नेमलेल्या पथकाने अहवाल दिला की नौका उत्तर कोरियाच्या पाणतीराने बुडाली. पथकात अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनचे तज्ज्ञ होते. त्या रात्री पान माझ्याकडे होतं. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सोडायची घाई होती. मी हेडिंगमध्ये लिहिलं, ‘उत्तर कोरियाचा तथाकथित हल्ला’. वरिष्ठांनी प्रूफवर त्या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि मला बोलावलं. म्हणाले, ‘कथित म्हणजे कुणीतरी म्हणतंय, अजून ठरलेलं नाही. तथाकथित म्हणजे म्हणतात खरे, पण तसं काही नाहीच. तू एका उपसर्गात निकाल देऊन टाकलास.’ पुढे त्यांनी विचारलं, हा शब्द तुला सुचला कुठून? मी आठवून पाहिलं. संध्याकाळभर मी चिनी माध्यमांच्या इंग्रजी बातम्या वाचत होते, तिथूनच तो माझ्या हातात उतरला होता. चिनी भाषेत त्याला ‘स्वोवेय’ म्हणतात, रशियनमध्येही तसाच शब्द आहे. हे पेपर रोज वाचतोस तर याचीच काळजी घे. त्यांचं मत तुला पटेल अशी मला धास्ती नाही. त्यांचं विशेषण तुझ्या वहीत शिरेल आणि तुला पत्ताही लागणार नाही, ही धास्ती आहे.

याच चेओनानच्या प्रकरणावर जरा थांबू, कारण शेजारी सरकारवरचा आरोप कसा हाताळायचा याचा हा जवळजवळ धडाच आहे. चीनने अहवाल खोटा आहे असं एकदाही म्हटलं नाही. खरा आहे असंही म्हटलं नाही. नौका बुडणं ही ‘दुर्दैवी घटना’ होती आणि सर्व संबंधितांनी शांतता आणि संयम राखावा, एवढंच परराष्ट्र मंत्रालय म्हणत राहिलं आणि माध्यमं तीच रेघ ओढत राहिली. ‘दुर्दैवी’ हा शब्द बघ. दरड कोसळते ते दुर्दैव. दुर्दैवाला कर्ता नसतो. नौका बुडवली हे क्रियापद बाजूला सारून नौका बुडाली हे क्रियापद घेतलं, की आरोप न नाकारताच नाहीसा होतो. आणि ‘सर्व संबंधितांनी’ म्हटलं की ज्याची नौका गेली तो आणि ज्याच्यावर आरोप आहे तो एका रांगेत उभे राहतात.

मग ९ जुलैला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचं अध्यक्षीय निवेदन आलं. त्यात हल्ल्याचा निषेध होता, पण हल्ला कुणी केला ते लिहिलेलं नव्हतं. दक्षिण कोरियाच्या नेतृत्वाखालच्या तपासाचा उल्लेख होता आणि ‘आमचा याच्याशी संबंध नाही’ या उत्तर कोरियाच्या म्हणण्याचीही नोंद होती. दक्षिण कोरियाने ते निषेधाचं निवेदन म्हणून मांडलं. उत्तर कोरियाच्या राजदूताने त्यालाच आपला मोठा राजनैतिक विजय म्हटलं. कागद एकच, आणि दोन्ही बाजूंना त्यातून आपापलं हेडिंग काढता येईल असा लिहिलेला. अशा वेळी मूळ निवेदन स्वतः वाचावं. ते जेमतेम पानभराचं आहे आणि वेबसाइटवर मिळतं.

आता हाच शेजारी सात वर्षांनी पाहा. २०१७ च्या फेब्रुवारीत चीनने उत्तर कोरियाकडून कोळसा घेणं वर्षअखेरपर्यंत थांबवलं. अणुचाचण्यांवरून चिनी कम्युनिस्ट पक्षाचा पीपल्स डेली आणि ग्लोबल टाइम्स उत्तर कोरियाला उघड सुनावू लागले. ३ मे रोजी उत्तर कोरियाच्या सरकारी वृत्तसंस्थेने या दोन्ही चिनी पेपरांची नावं घेऊन त्यांच्यावर टीका केली, आणि लगेच ग्लोबल टाइम्सने उलट उत्तर दिलं. दोन शेजारी सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती, त्यांचे पेपर भांडत होते. मार्च २०१८ मध्ये किम जोंग उन आपल्या खास रेल्वेने बीजिंगला आले आणि शिन्हुआने ती बातमी पाहुण्यांची गाडी बीजिंगहून निघाल्यावर दिली. त्यानंतर ते उघड सुनावणं थांबलं.

२०१० मध्ये आरोपाभोवती मौन, २०१७ मध्ये फटकारे, २०१८ मध्ये पाहुणचार. उत्तर कोरिया या काळात फार बदलला होता का? अमेरिकेचे आणि दक्षिण कोरियाचे आरोप कमी-जास्त खरे झाले होते का? बदललं होतं ते बीजिंग आणि प्योंगयांगमधलं नातं. सरकारधार्जिणा पेपर शेजाऱ्यावरच्या आरोपाची बातमी देतो तेव्हा तो तुला आरोपाबद्दल फारसं काही सांगत नसतो, नात्याबद्दल पुष्कळ सांगत असतो. तू निफाडचा आहेस, लासलगावचा लिलाव तुला नवा नाही. लिलावात पुकारलेला भाव कांद्याची चव सांगत नाही. मागणी किती आहे, माल आज उचलायचाय की थांबायचंय, ते सांगतो. तसा हा पेपर भाव म्हणून वाच.

क्रमाचं म्हणत होते, त्यासाठी मी वर्गात एक प्रकरण हमखास घेते. २३ मे २०२१. रायनएअर कंपनीचं प्रवासी विमान अथेन्सहून लिथुआनियातल्या विल्नियसला चाललं होतं. ते विल्नियसच्या जवळ पोचलेलं असताना बेलारूसच्या हवाई नियंत्रणाने त्याला बॉम्बच्या धमकीचं सांगून आपल्या राजधानीत, मिन्स्कला वळवलं, सोबत मिग-२९ लढाऊ विमान पाठवलं. मिन्स्कला रोमान प्रोतासेविच या २६ वर्षांच्या सरकारविरोधी पत्रकाराला आणि त्याच्या मैत्रिणीला अटक झाली. विमानात बॉम्ब नव्हता. युरोपातल्या नेत्यांनी याला सरकारने केलेलं विमान अपहरण म्हटलं आणि युरोपीय संघाने बेलारूसच्या विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. रशिया हा बेलारूसचा शेजारी आणि पाठीराखा.

पुढचे दोन मजकूर माझे आहेत, वर्गासाठी बनवलेले, कुठल्या पेपरातून घेतलेले नाहीत. पहिला असा:

‘बेलारूसने लढाऊ विमान पाठवून प्रवासी विमान मिन्स्कला उतरवलं आणि त्यातल्या सरकारविरोधी पत्रकाराला अटक केली. युरोपीय नेत्यांनी हे सरकारी विमान अपहरण असल्याचा आरोप केला. बॉम्बची धमकी आल्याने विमान वळवलं, असं बेलारूसचं म्हणणं आहे.’

दुसरा असा:

‘बॉम्बच्या धमकीनंतर प्रवासी विमान मिन्स्कला सुखरूप उतरवण्यात आलं. तपासणीत स्फोटकं आढळली नाहीत. प्रवाशांपैकी एक जण पोलिसांना हवा होता, त्याला ताब्यात घेण्यात आलं. या घटनेनंतर पाश्चात्त्य देशांनी बेलारूसवर टीकेची मोहीम उघडली आहे. २०१३ मध्ये बोलिव्हियाच्या अध्यक्षांचं विमान व्हिएन्नात उतरवायला भाग पाडलं, तेव्हा हे देश गप्प होते.’

मुलांना मी सांगते, दुसऱ्यातलं खोटं वाक्य दाखवा. पंधरा मिनिटं जातात आणि बहुतेकांना सापडत नाही. प्रोतासेविच खरोखरच पोलिसांना हवा होता. स्फोटकं खरोखरच नव्हती. गडबड पहिल्या दोनच शब्दांत आहे. पहिल्या मजकुरात बॉम्बच्या धमकीला ‘असं बेलारूसचं म्हणणं आहे’ हे शेपूट आहे, दुसऱ्यात ते गळालं आणि एका बाजूचा दावा घडलेली गोष्ट झाला. आपल्या बोलीत यासाठी ‘म्हणे’ हा दोन अक्षरांचा सुंदर शब्द आहे. बॉम्बची धमकी आली म्हणे. बातमी वाचताना पेन्सिल घेऊन बस आणि प्रत्येक वाक्यापाशी विचार, इथे ‘म्हणे’ हवं होतं का? कुणाच्या वाक्यांना ‘म्हणे’ लावलंय आणि कुणाची वाक्यं तशीच सोडलीत? पाश्चात्त्य पेपरांनाही हीच पेन्सिल लाव, तिथेही ती कामाला येते.

दुसरी गोष्ट शब्दाच्या घसरणीची. पहिल्या मजकुरात ‘आरोप’ आहे. दुसऱ्यात त्याची आधी ‘टीका’ झाली आणि मग ‘मोहीम’. आरोप तपासावा लागतो, तो खरा तरी ठरतो किंवा खोटा तरी. टीका हे मत असतं, ते तपासायची गरज पडत नाही. मोहिमेमागे तर हेतू असतो, म्हणजे आता तपासायचा झाला तर आरोप करणाऱ्याचा हेतू तपासायचा. दोन पायऱ्या उतरल्या आणि चौकशीचं तोंड फिरलं. मराठी पत्रकार म्हणून मला हे फार टोचतं, कारण आपल्याकडेही ‘आरोप’, ‘टीका’, ‘टोला’, ‘हल्लाबोल’ हे शब्द हेडिंगमध्ये एकाच अर्थाने फेकले जातात. कॉलमात बसेल तो शब्द घ्यायचा, एवढाच निकष. मी स्वतः कित्येकदा ‘आरोप’ बसत नाही म्हणून ‘टीका’ केलंय.

तिसरी गोष्ट बोलिव्हिया. ही तुलना बनावट नव्हती. जुलै २०१३ मध्ये बोलिव्हियाचे अध्यक्ष एव्हो मोरालेस मॉस्कोहून परतत होते, विमानात अमेरिकेची गुपितं फोडणारा एडवर्ड स्नोडेन असल्याच्या संशयावरून युरोपातल्या काही देशांनी त्यांना वाट नाकारली आणि विमान व्हिएन्नाला उतरलं. ते वागणं वाईटच होतं आणि त्याची आठवण करून देण्याचा हक्क कुणालाही आहे. तुलना खरी असते म्हणूनच ती कामाला येते. तिचा प्रवास बघ: मिन्स्कच्या घटनेनंतर रशियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्या मारिया झाखारोवा यांनी ती आधी मांडली, आणि २८ मे रोजी सोचीत बेलारूसचे अध्यक्ष लुकाशेन्को यांना भेटताना खुद्द पुतिन यांच्या तोंडी ती आली. एकच उदाहरण प्रवक्त्यापासून अध्यक्षांपर्यंत गेलं, की ते पत्रकाराला सुचलेलं नसतं, ते धोरण असतं. पण ही तुलना ज्या प्रश्नाला टाळते तो प्रश्न लक्षात ठेव: बॉम्बची धमकी खरी होती का? मोरालेस यांच्यावर अन्याय झाला म्हणून मिन्स्कची धमकी खरी ठरत नाही. धमकीचा ईमेल हमासच्या नावाने आला, असं बेलारूसचं म्हणणं होतं. हमासने आपला संबंध नाकारला. ज्या ईमेलचा हवाला दिला गेला तो विमान वळवल्यानंतर पाठवलेला होता, असं ईमेल सेवा देणाऱ्या प्रोटॉन कंपनीने म्हटलं. आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने धमकी जाणूनबुजून खोटी दिली गेल्याचा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष यायला वर्ष गेलं. तोवर हेडिंगं रद्दीत गेली होती.

म्यानमारचं उदाहरण छोटं आहे, पण ते विसरू नकोस. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता घेतली, तिथल्या नेत्या आंग सान सू ची यांना अटक केली. जगभर ‘लष्करी उठाव’ छापून आलं. शिन्हुआने लिहिलं, म्यानमारमध्ये मंत्रिमंडळात मोठे फेरबदल. लोक खूप संतापले. पण बघ, मंत्री खरंच बदलले होते. चोवीस जणांना काढून नवे नेमले होते. वाक्य खरं आणि बातमी गायब. ‘सरकारी पेपर खोटं लिहितात का’ या तुझ्या प्रश्नाला माझं सगळ्यात लहान उत्तर म्हणजे हे हेडिंग आहे. मग १४ मार्चला यांगूनच्या औद्योगिक भागात चिनी कारखान्यांना आगी लागल्या आणि चिनी माध्यमांचा सूर एका दिवसात चढला. आता कठोर शब्द होते, नुकसानीचे आकडे होते, जबाबदारांवर कारवाईची मागणी होती. परक्यांनी केलेला आरोप आणि स्वतःचं नुकसान यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल? २०२३ मध्ये म्यानमारच्या सीमाभागातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवरून चिनी माध्यमं पुन्हा अशीच मोकळी झाली, कारण तिथे चिनी नागरिक लुबाडले जात होते.

हे सगळं वरून फोन आल्यामुळे होतं का? कधी होतं. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवरच्या हल्ल्याच्या दोन दिवस आधी, बीजिंग न्यूजशी संबंधित एका चिनी वृत्तखात्यावर चुकून अंतर्गत सूचनाच प्रसिद्ध झाली होती: रशियाला प्रतिकूल किंवा पाश्चात्त्यांना अनुकूल असं काही टाकू नका. असा कागद हाती लागणं दुर्मीळ. पण रोजच्या कामात फोनची फारशी गरज पडत नाही. वर्षभर एका जागी बसलेल्या उपसंपादकाला आपल्या मालकाला काय चालतं ते पाठ असतं. हे मी चीनबद्दल बोलत नाही, जगातल्या कुठल्याही डेस्कबद्दल बोलते आहे. मालकी कुणाची आहे यापेक्षा पान लावणारा हात कुठे अडखळतो ते पाहावं.

मालकीतला एक फरक मात्र तुझ्या उपयोगाचा आहे. शिन्हुआ ही चीन सरकारचीच वृत्तसंस्था, तिचा शब्द तोलूनमापून येतो. ग्लोबल टाइम्स पीपल्स डेलीच्या घरातला, पण तो खपावरही जगतो. त्याची चिनी आवृत्ती १९९३ पासूनची आणि इंग्रजी २००९ पासूनची. परराष्ट्र मंत्रालयाला जे तोंडाने म्हणता येत नाही ते तो म्हणून टाकतो, आणि फार झालं तर ‘तो एका वृत्तपत्राचा विचार आहे’ म्हणायची सोय राहते. म्हणून शिन्हुआचा शब्द बदलला तर धोरण बदललं असं समज. ग्लोबल टाइम्सचा बदलला तर पाणी जोखून बघताहेत असं समज. आणि इंग्रजीवर थांबू नकोस. इंग्रजी आवृत्ती तुझ्यामाझ्यासाठी लिहिलेली असते, घरच्यांसाठी नाही. महत्त्वाच्या दिवशी चिनी किंवा रशियन पान यंत्राने भाषांतरित करून बघ. भाषांतर बरं नसतं, पण बातमी पहिल्या पानावर आहे की नाही आणि आरोप कितव्या परिच्छेदात आहे एवढं तरी नक्की कळतं.

आता या सगळ्यावरून एक उलटी चूक होते, आणि हुशार मुलं ती जास्त करतात. आरोप लपवतात म्हणजे आरोप खरा असणार, असं ते धरून चालतात. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराककडे महासंहारक अस्त्रं असल्याचा आरोप पुराव्यांच्या थाटात मांडला. त्या दिवशी इराकच्या शेजारच्या एखाद्या सरकारी पेपरने हा आरोप खोटा म्हणून आतल्या पानावर टाकला असता, तर आपण त्याला हसलो असतो. पुढे अमेरिकेनेच नेमलेल्या पथकाने २००४ मध्ये साठे नव्हते असा अहवाल दिला. अलीकडचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. मे २०२३ मध्ये तिथल्या अमेरिकी राजदूतांनी जाहीर आरोप केला की ‘लेडी आर’ या रशियन जहाजावर डिसेंबर २०२२ मध्ये सायमन्स टाउनच्या नाविक तळावर शस्त्रं चढवली गेली. देशाचं चलन कोसळलं. अध्यक्ष रामाफोसा यांनी एका निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की समितीला शस्त्रं चढवल्याचा पुरावा मिळाला नाही. समिती त्यांच्याच सरकारने नेमलेली होती, हेही नोंदवायला हवं. पण आरोप करणाऱ्या राजदूतांकडून जाहीर पुरावाही कधी समोर आला नाही. आरोपाची तपासणी वेगळीकडे करायची असते: पंचनाम्यात, चौकशी अहवालात, उपग्रहाच्या छायाचित्रात, ईमेलच्या वेळेत. ज्या पेपरने आरोप दडवला त्या पेपरात ती होत नाही, आणि ज्याने तो आठ कॉलमात छापला त्यातही होत नाही.

आपल्या पेपरांबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. आणीबाणीत, १९७६ मध्ये, पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था केली होती. तेव्हाच्या उपसंपादकांकडून मी ऐकलंय की वृत्तसंस्थांच्या चार तारांऐवजी एकच तार आली की तुलना करायलाच काही उरत नाही. आज तारा पुष्कळ आहेत, पण जिल्ह्याच्या डेस्कवर रात्री अकराला परदेशाची एकच कॉपी हातात असते आणि तीच जाते. शेजारी देशावर परक्यांनी आरोप केला तर दिल्लीतल्या प्रवक्त्यांचा शब्द इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात घ्यायचा, हे हात आपोआप करतो. त्यात कुणाचा कट नसतो. म्हणून दुसऱ्याचा पेपर जसा वाचतोस तसाच आपलाही वाच.

काम कसं करायचं ते सांगते. सार्वजनिक वाचनालयात बसत असशील तर तिथेच कर. एकच प्रकरण निवड, दहा नको. ज्या दिवशी आरोप झाला ती तारीख लिही. सरकारधार्जिण्या पेपरात त्याचा पहिला उल्लेख कधी आला ती तारीख लिही. या दोन तारखांमधलं अंतर फार बोलकं असतं. दोन तासांत खुलासा आला तर तयारी आधीच होती. चार दिवस काहीच नसेल तर वरती ठरत नव्हतं. मग पहिल्या उल्लेखात आरोप स्वतंत्र वाक्यात आहे की ‘फेटाळला’ या क्रियापदाच्या पोटात, ते बघ. ‘अमक्या देशाने आरोप फेटाळला’ या हेडिंगातून वाचकाला आरोप पहिल्यांदा कळत असेल, तर त्या पेपरने तो कधी स्वतःहून दिलाच नव्हता. कुणाचं म्हणणं दिलंय तेही लिही. नाव असलेला अधिकारी, नाव नसलेला ‘निरीक्षक’, की ‘नेटकरी’? नाव जितकं पुसट, तितकं ते वाक्य पेपरचं स्वतःचं असण्याची शक्यता जास्त. तीन-चार महिने हे चालू ठेवलंस की सूर बदलल्याचं तुला पहिल्या ओळीतच ऐकू येईल.

परीक्षेतल्या वापराबद्दल. घटना घडली याचा पुरावा म्हणून हे पेपर देऊ नकोस. ‘शिन्हुआनुसार म्यानमारमध्ये फेरबदल झाले’ असं लिहिलंस तर परीक्षक तिथेच थांबेल, आणि बरोबरच करेल. एखाद्या सरकारची भूमिका काय होती आणि ती कधी बदलली याचा पुरावा म्हणून मात्र खुशाल दे. ‘१ फेब्रुवारीच्या उठावाला शिन्हुआने मंत्रिमंडळातील फेरबदल म्हटले, मात्र मार्चमध्ये चिनी कारखान्यांवर हल्ले होताच चिनी माध्यमांनी कारवाईची मागणी केली’, अशा वाक्याला गुण मिळतात, कारण त्यात तारीख आहे, शब्द आहे आणि शब्दाचा मालक आहे. आणि उत्तर लिहून झालं की ‘तथाकथित’ कुठे राहिलंय का, ते एकदा शोध.